रिकाम्या जागेचं ओझं

[काळा पडदा. मधोमध पारदर्शक पेटी, तळातून उठणारा धुराचा झोत.]

हा धूर खोटा आहे, सिनेमासाठी कॉम्प्युटरवर बनवलेला. कॉम्प्युटरच्या लेखी ही आकड्यांनी भरलेली पेटी. दहा मीटर लांब, तेवढीच रुंद, तेवढीच उंच. तिचे सेंटिमीटर-सेंटिमीटरचे कप्पे पाडले तर होतात 100 कोटी. या कप्प्यांना व्हॉक्सेल म्हणतात.

प्रत्येक कप्प्यात धूर किती दाट, किती गरम, दाब किती, आणि वेगाचे तीन आकडे. झाले सहा. एका आकड्याला 4 बाइट, म्हणजे सगळे मिळून 24 जीबी. गणित सोडवताना लागणाऱ्या कच्च्या प्रती वेगळ्याच.

आता दिग्दर्शक म्हणतो, धुराच्या कडा अजून बारीक हव्यात. कप्प्याची बाजू निम्मी केली की मेमरी दुप्पट नाही, आठपट होते. 192 जीबी! साध्या वर्कस्टेशनचा दम इथेच निघतो.

[पेटीचे ठोकळे पडतात. एकेक करत बहुतेक विझतात.]

गंमत म्हणजे पेटीत धूर असतो मूठभर. बाकी सगळी शून्यं, पण शून्यालाही 4 बाइट लागतातच. ड्रीमवर्क्स ॲनिमेशनमध्ये केन म्यूसेथ यांनी यावर एक मांडणी बसवली. 2012 मध्ये ती ओपनव्हीडीबी या नावानं सर्वांना खुली झाली. ही मांडणी झाडासारखी आहे. वर मूळ, खाली फांद्या, टोकाला पानं. एका पानात 8 गुणिले 8 गुणिले 8, म्हणजे 512 कप्पे. धूर असेल तिथेच पान फुटतं; मोकळ्या भागाच्या अख्ख्या ठोकळ्याला एकच आकडा पुरतो. पेटीच्या भिंतींचीही गरज राहत नाही. धूर जिकडे जाईल तिकडे झाड वाढतं.

[समुद्राची लाट, मग तिचा उभा छेद.]

पाण्याचं दुखणं निराळं. फ्लिप ही पाणी हलवायची पद्धत कप्पे आणि कण दोन्ही वापरते; तिच्यात एका कप्प्यामागे साधारण 8 कण सोडतात. प्रत्येकाची जागा आणि वेग धरून कप्प्याला 192 बाइट. पण समुद्राच्या पोटातले कण कॅमेऱ्याला कधी दिसणार? 2016 मध्ये एक उपाय पुढे आला: कण फक्त पृष्ठभागालगतच्या पट्ट्यात ठेवायचे, खोल पाण्याचं काम नुसत्या कप्प्यांच्या जाळीवर भागवायचं.

[रात्रीचा स्टुडिओ. स्क्रीनवर मेमरीचा आलेख.]

कलाकार आधी जाड कप्प्यांवर सिम, म्हणजे धुराच्या हालचालीचं गणित, चालवून बघतो. पसंत पडलं की कप्पे बारीक करतो, आणि धूर भलताच वळतो! कप्पे बदलले की प्रवाहच बदलतो. ही खरी डोकेदुखी, मेमरीपेक्षाही. म्हणून 2008 मध्ये थिओडोर किम आणि सहकाऱ्यांनी जाडा प्रवाह तसाच ठेवून वरून बारीक भोवरे चढवायची युक्ती मांडली.

झाडाची युक्तीही शॉटभर पुरतेच असं नाही. पहिल्या फ्रेमला धूर चिमूटभर, झाड छोटं. धूर पांगत जातो, विरळ होतो, पण पानं वाढतच राहतात. मग ठरावीक दाटपणाखालचा धूर प्रत्येक पायरीला पुसायचा. किती पुसायचा, हे नजरेनंच ठरवावं लागतं. जास्त पुसला तर कडा कात्रीनं कापल्यासारख्या दिसतात. कमी पुसला तर…

[आलेख वर चढतो. फ्रेम 181. स्क्रीन स्तब्ध.]