पहाटे साडेचारचा फोन

(परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलामुलींसमोर आणि त्यांच्या पालकांसमोर पुण्यात दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

नमस्कार. मागे उभे आहेत त्यांनी पुढे येऊन सतरंजीवर बसा ना, जागा आहे. आज एवढे आईवडील आलेत हे बघून मला खरंच बरं वाटलं, कारण मी निघाले तेव्हा आमचे अण्णा पुण्यापर्यंत पण येऊ शकले नव्हते, सोयाबीनची काढणी चालू होती, ते बार्शीच्या स्टँडवर मला गाडीत बसवून तसेच माघारी शेतात गेले.

मी 2018 च्या सप्टेंबरमध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेले, लीड्सला, एका वर्षाच्या मास्टर्ससाठी. त्याआधी सहा वर्षं इथेच सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन, राहिलेली, मेसचा डबा, अभ्यासिकेतली जागा धरायला सकाळी सहाची रांग, हे सगळं करून झालेलं. त्यामुळे मला वाटायचं की घराबाहेर राहणं काय असतं ते आपल्याला कळलंय. आणि बऱ्याच बाबतीत ते खरंही ठरलं, एकटीने रूम शोधणं, पैसे पुरवून वापरणं, आजारी पडल्यावर स्वतःच उठून पेज करून घेणं हे मला पेठेनेच शिकवलं. मला जे कुणीच सांगितलं नव्हतं ते वेगळंच होतं, आणि आज मी मुख्यतः त्याबद्दलच बोलणारे.

बघा, कर्ज काढून जाणारा मुलगा आणि शिष्यवृत्तीवर जाणारा मुलगा एकाच विमानात बसतात. पण आपल्यामागे शिष्यवृत्ती देणारं एक ऑफिस असतं. आपली प्रत्येक गोष्ट त्या ऑफिसला कागदावर दाखवावी लागते, आणि तिकडचं विद्यापीठ वेगळे कागद मागतं, आणि दोघांच्या मध्ये आपण एकटे उभे असतो.

उदाहरण सांगते. पोचल्यावर पहिलं काम म्हणजे तेव्हा पोस्ट ऑफिसमधून व्हिसाचं कार्ड घ्यायचं असायचं, दहा दिवसांत, आता ते कार्ड बंद होऊन ई-व्हिसा आलाय. मग बँक अकाउंट. बँक म्हणते पत्त्याचं पत्र आणा, ते विद्यापीठ देतं, पण सप्टेंबरमध्ये तिथे सगळ्यांचीच रांग. दोन आठवडे गेले. अकाउंट उघडलं, मी खूश, इकडच्या ऑफिसचा शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला बसले, तर फॉर्ममध्ये रकाना होता आयएफएससी कोडचा. आता इंग्लंडच्या बँकेला आयएफएससी नसतोच, तिथे सहा आकडी सॉर्ट कोड असतो, आठ आकडी अकाउंट नंबर असतो, आणि बाहेरून पैसे यायला आयबॅन म्हणजे खात्याचा आंतरराष्ट्रीय नंबर आणि स्विफ्ट म्हणजे बँकेचा आंतरराष्ट्रीय कोड लागतो. मी स्विफ्ट कोड टाकला, फॉर्म परत. सॉर्ट कोड टाकला, परत. शेरा एकच, त्रुटी पूर्तता करावी. काय त्रुटी ते कुठेच लिहिलेलं नाही.

मग फोन. हिवाळ्यात आपल्यात आणि तिकडे साडेपाच तासांचा फरक असतो. इथे सकाळी दहाला ऑफिस उघडतं तेव्हा तिकडे पहाटेचे साडेचार. मी गजर लावून उठायचे, शेजारच्या खोलीत आवाज जाऊ नये म्हणून पांघरुणात तोंड घालून बोलायचे, आणि बऱ्याचदा उत्तर असायचं साहेब मीटिंगला गेलेत, लंचनंतर करा. लंचनंतर म्हणजे अडीच, म्हणजे तिकडे सकाळचे नऊ, आणि नऊला माझं लेक्चर. असा अख्खा नोव्हेंबर गेला. डिसेंबर गेला. पैसे आले नाहीत आणि जानेवारीत हॉस्टेलचं भाडं भरायचं होतं.

लीड्समध्ये कर्कगेट मार्केट म्हणून जुनी मंडई आहे, लोखंडी खांबांची, आपल्या महात्मा फुले मंडईसारखीच छपराखाली. मार्क्स अँड स्पेन्सर हे एवढं मोठं नाव आहे ना, ते 1884 मध्ये तिथल्याच एका स्टॉलवर सुरू झालं. मागच्या बाजूला उघड्यावर भाजीवाले बसतात आणि संध्याकाळी उठताना एक पौंडाला एक बाऊल भरून भाजी देतात, कधी टोमॅटो, कधी भोपळी मिरच्या, मऊ पडलेल्या पण चांगल्या. मी रोज त्या वेळेला जायचे. बरोबर डाळ-तांदूळ. उपाशी राहिले असं मी म्हणणार नाही, पण पैसे मोजून जेवायचे.

आणि घरी काय सांगायचे? सगळं छान चाललंय. व्हिडिओ कॉल आला की मी किचनमध्ये जायचे, तिथे आमच्या मजल्यावरची एक मुलगी मोठं पातेलं भरून स्वयंपाक करायची, कॅमेरा तिकडे फिरवायचे म्हणजे आईला वाटावं पोरगी नीट जेवतेय. आई म्हणायची, वाळलीस गं. मी म्हणायचे, इथे चालणं खूप होतं.

का लपवलं, याचा मी नंतर बराच विचार केला. घरी काळजी नको हे तर होतंच. पण त्यापेक्षा मोठं कारण असं की मला वाटायचं आपल्याला हे फुकट मिळालंय, आपण तक्रार कशी करायची. गावात सत्कार झालेला, पेपरला फोटो आलेला, बाँडवर अण्णांची सही, जामीनदार म्हणून मामाची सही. एवढ्या लोकांनी खांद्यावर उचलून पाठवलेल्या मुलीने पैसे संपले म्हणायचं म्हणजे नाक कापल्यासारखं वाटायचं. आणि नेमकं इथेच मी चुकले, तुम्ही चुकू नका. शिष्यवृत्ती ही कुणाची मेहेरबानी नाहीये. तुमची निवड झालीये, करार झालाय, कराराची तुमची बाजू तुम्ही पाळताय, तर दुसऱ्या बाजूने वेळेवर पैसे येणं हा तुमचा हक्क आहे आणि तो मागताना आवाज खाली करायची काहीच गरज नाही.

शेवटी जानेवारीत मी माझ्या पर्सनल ट्यूटरसमोर, म्हणजे विद्यापीठाने मला नेमून दिलेल्या मॅडमसमोर, बसले आणि रडले. त्या बाईंनी पाच मिनिटांत विचारलं की तुझ्या स्पॉन्सरचं, म्हणजे खर्च देणाऱ्याचं, पत्र आहे का. होतं. ते जोडून त्यांनी हॉस्टेलला ईमेल केला, भाड्याला दोन महिन्यांची मुदत मिळाली. मग हार्डशिप फंडाचा, म्हणजे पैशाच्या अडचणीत विद्यापीठ जी मदत देतं तिचा, फॉर्म हातात दिला. बऱ्याच विद्यापीठांत असा फंड असतो, नियम प्रत्येकाचे वेगळे, पण विचारल्याशिवाय कळत नाही. मी तीन महिने जे पोटात घेऊन फिरत होते ते अर्ध्या तासात हलकं झालं. पैसे मार्चमध्ये आले.

त्या दिवशी मी अण्णांना खरं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, आगं मग सही कशाला घेतली माझी, नुसती कागदावर शोभेला का?

या सगळ्याच्या मध्ये एकदा मी लीड्सहून कोचने लंडनला गेले, चार-साडेचार तास लागतात, फक्त एक घर बघायला. 10 किंग हेन्रीज रोड. बाबासाहेब 1921-22 मध्ये तिथे राहायचे, 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारने ते घर विकत घेतलं. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहितीये की 1913 ला ते कोलंबियाला गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, आणि बदल्यात दहा वर्षं संस्थानची नोकरी करायचा करार. हे आपण भाषणात ऐकतो आणि पुढे जातो. पण पुढचं बघा. 1916 ला ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आले आणि 1917 मध्ये मुदत संपली म्हणून अभ्यास अर्धवट टाकून परत यावं लागलं. तेव्हा त्यांनी एक गोष्ट केली, लंडन विद्यापीठाकडून परवानगी घेऊन ठेवली की चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पूर्ण करता येईल. महायुद्ध चालू, सामान दुसऱ्या बोटीने पाठवलेलं, त्यात पुस्तकं, ती बोट टॉर्पेडोने बुडाली. बडोद्यात नोकरीवर हजर झाले तर राहायला घर कुणी देईना. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्राने कर्ज दिलं, आणि 1920 ला ते लंडनला परत गेले. 1923 ला डी.एस्सी. ही डॉक्टरेट मिळवली.

त्या घरासमोर उभी राहून मला सारखी ती परवानगीच आठवत होती. पैसे संपले, बोलावणं आलं, तरी निघण्याआधी परत यायचा रस्ता त्यांनी लेखी करून घेतला होता. मी मात्र साधा एक ईमेल पाठवायला लाजत होते.

म्हणून कागदांबद्दल कळकळीने सांगते. स्पॉन्सरशी फोनवर बोललात तरी मागोमाग ईमेल टाका, आत्ता असं असं बोलणं झालं म्हणून. हजेरीचं पत्र, प्रोग्रेस रिपोर्ट यांवरच्या सह्या सुट्ट्या लागायच्या आधी घ्या, ख्रिसमसला विद्यापीठात चिटपाखरू नसतं. आणि एक नियम खूप जणांना ऐन वेळी कळतो, गेल्या बारा महिन्यांत एखाद्या सरकारने तुमची फी आणि राहण्याचा खर्च असं दोन्ही दिलं असेल तर पुढच्या व्हिसासाठी त्या स्पॉन्सरची लेखी परवानगी लागते. पीएचडीला थांबायचा विचार असेल तर ते पत्र शेवटच्या महिन्यावर ढकलू नका.

अभ्यासाचं थोडं बोलते. माझ्या पहिल्या निबंधाला 58 मार्क पडले आणि मला वाटलं शिष्यवृत्ती गेली. तिथे मास्टर्सला 50 ला पास, 60 ला मेरिट आणि 70 ला डिस्टिंक्शन, हे मला माहीतच नव्हतं. निबंधाच्या कडेला एकच वाक्य परत परत लिहिलेलं, यात तुझं मत कुठंय. आपण इथे सहा वर्षं नोट्स पाठ केलेल्या, मत कुणी विचारलंच नव्हतं. सरांना नावाने हाक मारायची सवय व्हायला मला एक टर्म लागली, आणि त्यांच्या ऑफिस अवर्सना, म्हणजे विद्यार्थ्यांना भेटायच्या ठरलेल्या वेळेत, दार ठोठावायला दुसरी.

आणि फोडणी. हे पालकांनी पण ऐका. पहिल्याच आठवड्यात मी रात्री साडेदहाला वरणाला फोडणी दिली, मोहरी, हिंग, लाल मिरची, धूर झाला, अलार्म वाजला आणि अख्खी इमारत खाली पार्किंगमध्ये. लोक स्लिपर घालून, टॉवेल गुंडाळून थंडीत उभे आणि मी हातात पळी घेऊन. मला कुणाच्या नजरेला नजर देववेना. एक नायजेरियाची मुलगी, तीही तिच्या सरकारच्या शिष्यवृत्तीवर आलेली, तिने तिचं जॅकेट माझ्या खांद्यावर टाकलं आणि वास चांगला येत होता, काय होतं ते, असं विचारलं. मोठं पातेलं भरून स्वयंपाक करणारी ती मुलगी म्हणजे हीच. पुढे वर्षभर आम्ही एकमेकींच्या हातचं खाल्लं. फोडणी सोडू नका, पण खिडकी उघडा, किचनचं दार लावा आणि तेल धुरावेपर्यंत तापवू नका.

तब्येतीचं. व्हिसाबरोबर हेल्थ सरचार्ज, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा आकार, भरावा लागतो, सध्या विद्यार्थ्यांना वर्षाला 776 पौंड आहे. ते एकदा भरले की जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवायचं, आजारी पडायची वाट बघायची नाही. दात आणि चष्मा मात्र इथूनच करून जा, तिकडे महाग पडतं. डिसेंबरमध्ये लीड्सला पावणेचारला सूर्य मावळतो, लेक्चरहून बाहेर पडलं की रात्र. मला ते फार लागलं, छातीवर दगड ठेवल्यासारखं व्हायचं, आणि मला वाटायचं हा माझाच दुबळेपणा. जीपीला सांगितलं तर ते म्हणाले हे इथल्या लोकांनाही होतं, दुपारी बारा ते दोन बाहेर राहा, ऊन नसलं तरी. विद्यापीठात काउन्सेलिंग असतं, त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत, त्यात कमीपणा वाटून घेऊ नका.

जड कोट लक्ष्मी रोडवरून घेऊ नका, तिथे चॅरिटी शॉपमध्ये स्वस्तात आणि तिथल्या पावसाला टिकेल असा मिळतो. बॅगेत ती जागा गोड्या मसाल्याला ठेवा.

आता प्रश्न घेऊया, मी आठपर्यंत आहे. ज्यांचे फॉर्म त्रुटीत अडकलेत त्यांनी आधी पुढे या, आणि मोबाईलवरचा फोटो नको, शेऱ्याची प्रिंट काढून आणली असेल तर ती दाखवा.