डोपामिन, क जीवनसत्त्व आणि एक पातळसा लेप

नमस्कार श्रोतेहो.

सफरचंद कापून ठेवलं की काळं पडतं आणि त्यावर लिंबू पिळलं की पडत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको. पण आजच्यापुरतं ते ध्यानात असू द्या. सफरचंद आणि लिंबू. मेंदूतलं डोपामिन मोजायला निघालेल्या एका नामांकित शास्त्रज्ञाची याच जोडीनं चांगली फजिती केली होती. डोपामिन म्हणजे मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप धाडायला वापरतात त्यांतलं एक रसायन.

राल्फ अ‍ॅडम्स, अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक. ते कामाला लागले तेव्हा विद्युतरसायनात पाऱ्याचं राज्य होतं. प्रागच्या यारोस्लाव हेरोवस्कींनी १९२२ मध्ये ती पद्धत काढली होती. काचेच्या बारीक नळीतून पाऱ्याचा थेंब थेंब सोडायचा, त्याला व्होल्टेज द्यायचं आणि किती वीज वाहते त्यावरून द्रावणात काय आहे ते ओळखायचं. दर थेंबाला पृष्ठभाग नवा कोरा! पुढे १९५९ मध्ये त्यांना याबद्दल नोबेलही मिळालं. पण पाऱ्याला एक खोड आहे. धन बाजूला व्होल्टेज थोडं वाढवलं की पारा स्वतःच विरघळू लागतो. त्यामुळे ज्या पदार्थांकडून इलेक्ट्रॉन काढून घ्यायचे, त्यांच्यापुढे पाऱ्याचं काही चालत नाही.

अ‍ॅडम्सना वाटलं, पारा नाही तर कार्बन टपकवू. कार्बनची पूड द्रवात कालवून तिचे थेंब पाडायचे. बेत साफ फसला. पण हाताशी उरला होता काळा, तेलकट लगदा. तो छोट्याशा खळग्यात ठासला, वरून कागदावर घासून गुळगुळीत केला आणि तार जोडली, तर झकास चालला! पृष्ठभाग मळला तर वरचा थर खरवडायचा आणि पुन्हा घासायचा. १९५८ मध्ये त्यांनी हा कार्बन पेस्ट इलेक्ट्रोड, म्हणजे लगद्याचं वीज मोजणारं टोक, जाहीर केला. (जाता जाता एक बोलून घेतो. प्रयोगवहीत फसलेला प्रयोग लिहायची आपल्याला लाज वाटते. माझे कित्येक विद्यार्थी ती पानं फाडून टाकायचे आणि मी त्याचे मार्क कापायचो. अजूनही कापीन.)

तर श्रोतेहो, या लगद्याला डोपामिनचे इलेक्ट्रॉन काढता येत होते. डोपामिनचं ऑक्सिडेशन, म्हणजे हे इलेक्ट्रॉन निघून जाणं, ही सफरचंद काळं पडताना पहिल्या पायरीला जे होतं, त्याच जातीची क्रिया. मग अ‍ॅडम्सनी विचार केला, हा इलेक्ट्रोड थेट मेंदूतच का घालू नये? १९७३ मध्ये अ‍ॅडम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या मेंदूत, डोपामिन भरपूर असलेल्या भागात, कार्बन पेस्टचा बारीक इलेक्ट्रोड बसवला. व्होल्टेज चढवत नेलं आणि आलेखावर उंचवटा उमटला. जिवंत मेंदूतून आलेला संदेश!

पण तो उंचवटा बव्हंशी डोपामिनचा नव्हताच. तो होता क जीवनसत्त्वाचा. हो, क जीवनसत्त्वाचा, लिंबातल्या त्याच अ‍ॅस्कॉर्बिक आम्लाचा. उंदराला लिंबू खावंही लागत नाही, त्याचं यकृत हे आम्ल स्वतःच बनवतं. मेंदूतल्या पेशींबाहेरच्या द्रवात ते डोपामिनच्या हजारो पट असतं आणि दोघांचे इलेक्ट्रॉन साधारण एकाच व्होल्टेजला सुटतात. शिवाय आणखी एक लबाडी. डोपामिननं इलेक्ट्रॉन दिले की क जीवनसत्त्व पुढे होऊन ते भरून देतं, म्हणजे तोच रेणू पुन्हा मोजला जातो. सफरचंदावर लिंबू पिळल्यावर हेच तर होतं! डोपामिन शोधायला गेले आणि हाती लागलं क जीवनसत्त्व.

यावरचा उपाय म्हणजे लेप. नॅफिऑन नावाचं प्लॅस्टिक आहे, टेफ्लॉनच्या घराण्यातलं, ड्यूपाँटमध्ये १९६० च्या दशकात तयार झालेलं. याच्या अंगावर ऋणभार असतो. शरीरात डोपामिन धनभारित असतं, क जीवनसत्त्व ऋणभारित. सजातीय भार एकमेकांना ढकलतात, म्हणून लेप क जीवनसत्त्वाला दारातच अडवतो आणि डोपामिनला आत ओढतो. १९८४ मध्ये असा लेप दिलेल्या इलेक्ट्रोडवर जो शोधनिबंध आला, त्याच्या लेखकांत अ‍ॅडम्सही होते. अकरा वर्षं त्यांनी पिच्छा सोडला नव्हता.

आता लगद्याच्या जागी कार्बनचा धागा आला आहे. सात मायक्रोमीटर जाड, म्हणजे केसाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतका. असे इलेक्ट्रोड मीही बनवले आहेत. काचेच्या नळीत धागा ओवायचा, नळी तापवून ताणायची, सूक्ष्मदर्शकाखाली टोक छाटायचं, नॅफिऑनच्या द्रावणात बुडवून काढायचं आणि ऊब देऊन वाळवायचं. एकदा सकाळभर खपून सहा केले आणि ट्रे उचलताना शिंकलो. उरले दोन. त्यांतल्या एकावर लेप जाड बसला होता. लेप जाड झाला की डोपामिनला आत शिरायलाच वेळ लागतो, इलेक्ट्रोड मंद होतो. आणि मोजताना तर व्होल्टेज उणे ०.४ व्होल्टवरून अधिक १.३ व्होल्टवर नेऊन परत आणायला दहा मिलिसेकंदही लागत नाहीत, आणि अशा दहा फेऱ्या एका सेकंदात होतात. तिथे मंद इलेक्ट्रोड घेऊन काय करणार?

आणखी एक सांगतो, विषयाला सोडून असलं तरी. डोपामिनला ‘आनंदाचं रसायन’ म्हणणं आता पुरे करा. पार्किन्सनच्या रुग्णाचा हात थरथरतो, पाऊल उचलत नाही, ते डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरतात म्हणून. त्यात आनंदाचा काय संबंध?

मेंदूतलं दुसरं निरोप्या रसायन, ग्लुटामेट, सहजी इलेक्ट्रॉन देतच नाही. तिथे लेपात विकर (एन्झाइम) मिसळतात. ते ग्लुटामेटपासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतं आणि इलेक्ट्रोड ते पेरॉक्साइड मोजतो. यावर मी पाच मिनिटं राखून ठेवली होती, पण ती अ‍ॅडम्सच्या उंदरानं खाल्ली. नमस्कार.