तोंडात काडी धर

श्रोतेहो, नमस्कार. भाऊबीज तोंडावर आलीये, तेव्हा आज भावाबहिणीच्या चित्राविषयी बोलू. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली आपल्या गिरगावात सुरू झाला आणि त्यांची लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचली. पण त्यांची धाकटी बहीण मंगलाबाई हीसुद्धा चित्रकार होती, आणि तिनं आपल्या या थोरल्या भावाचं व्यक्तिचित्र रंगवलं, हे फारसं कुणी सांगत नाही.

भावाबहिणीचं चित्र बघाल तेव्हा आधी हात बघा. चित्रकारापुढे बसलं की चेहरा सावध होतो, हातांना ते जमत नाही. हात बघा, एवढं ध्यानात ठेवा.

आमच्या घरातलंच सांगतो. अण्णांना सत्तर पूर्ण झाली तेव्हा जे. जे.त शिकलेला माझा एक मित्र म्हणाला, अण्णा आणि आत्या दोघांचं तैलचित्र करतो. गिरगावातल्या आमच्या चाळीच्या गॅलरीत खुर्च्या मांडल्या. दोघं बसली ती लग्नातल्या ग्रुप फोटोसारखी ताठ.

"काका, जरा मावशींकडे बघा."

"सत्तर वर्षं तेच करतोय," अण्णा म्हणाले.

तेवढ्यात आत्याला दिसलं अण्णांच्या सदऱ्याचं लोंबणारं बटण. "बंड्या, हे असं चित्रात जाणार?" पिशवीतून सुईदोरा निघाला. अण्णा म्हणाले, सदरा काढून देतो. "म्हणजे गॅलरीत उघडा बसणारेस?" आता अंगावरच शिवायचं म्हटल्यावर पुढचं तुम्हाला माहीतच आहे. केरसुणीची काडी मोडली. "धर तोंडात!" रिटायर्ड हेडक्लार्क, तोंडात केरसुणीची काडी, मान वर. आत्यानं डाव्या हाताची दोन बोटं सदऱ्याच्या आत घातलेली, सुई ह्यांना टोचायला नको म्हणून.

मित्र ओरडला, "हलू नका!"

तैलरंग सावकाश वाळतो, एका बैठकीत भागत नाही. मग काय, दर रविवारी आत्या यायची, ते पक्कं शिवलेलं बटण पुन्हा धरायची, आणि अण्णा मुकाट काडी तोंडात घ्यायचे.

चित्र आता टॉवरमधल्या नव्या घरात आहे. तिथं खिळा ठोकायचा तर सेक्रेटरीला आधी सांगावं लागतं. चाळीत कुणी विचारलं नव्हतं हो, आमच्या भिंती आमच्या होत्या. असो.

आलागेला विचारतो, "अण्णा दात कोरतायत का?" अण्णांना ते फार लागतं. आत्याची तक्रार निराळीच. "मी दोरा पांढरा घेतला होता, ह्यानं निळा काढलाय. पांढऱ्या सदऱ्याला निळा दोरा! लोक मला काय म्हणतील?" मित्रानं परोपरीनं समजावलं, "मावशी, पांढऱ्यावर पांढरा दिसत नाही."

"अरे मेल्या, दिसू नये म्हणूनच घेतला होता!"