झग्याखालची दोन मुलं

[भिंत. कॅमेरा विटांवरून हळूहळू वर.]

लंडनच्या सदर्क भागात, बरो हाय स्ट्रीटलगतच्या बोळात ही भिंत उभी आहे. मार्शलसी तुरुंगाची. कर्ज फेडता न आलेल्यांना इथे डांबत. १८२४ साली जॉन डिकन्स नावाचा कारकून या भिंतीआड आला. त्याचा मुलगा चार्ल्स तेव्हा १२ वर्षांचा.

[टेम्सचा काठ, ओहोटी.]

तो मुलगा हंगरफर्डच्या धक्क्यावर बूटपॉलिशच्या कारखान्यात जाई. डबीवर आधी मेणकागद, वर निळा कागद, मग दोरी गुंडाळायची, कडा कातरायच्या, लेबल डकवायचं. की पुढची डबी. आठवड्याला सहा-सात शिलिंग. मोठेपणी लेखक म्हणून जगभर नाव झालं, तरी ही गोष्ट वाचकांना कळली ती त्याच्या मृत्यूनंतर.

[खाणीतली रेखाचित्रं. एकेक, सावकाश.]

ही चित्रं १८४२ च्या सरकारी अहवालातली. कमरेला पट्टा, पट्ट्याला साखळी, साखळीला कोळशाची गाडी. ओढणारं मूल रांगतंय.

पुढच्या वर्षी दुसरा अहवाल आला, कारखान्यांतल्या मुलांचा. तो वाचून डिकन्सनं ठरवलं, गरिबाच्या मुलांसाठी जनतेला आवाहन करणारं पत्रक काढायचं. चारच दिवसांत बेत फिरवला. चौकशी आयोगातल्या डॉ. साउथवुड स्मिथना कळवलं, वर्षअखेरपर्यंत थांबा, घण पडेल तो वीसपट, वीस हजारपट जोरानं.

सप्टेंबरात तो फील्ड लेनची ‘रॅग्ड स्कूल’ बघून आला. अंगावर चिंध्या असलेल्या मुलांची फुकट शाळा. ऑक्टोबरात मँचेस्टरला भाषण, आणि तिथून लिखाण सुरू. दिवसा लिहायचं, रात्री लंडनचे रस्ते तुडवायचे, पंधरा-पंधरा, वीस-वीस मैल. लिहिता लिहिता तो रडला, हसला, पुन्हा रडला; पत्रात त्यानंच तसं लिहिलंय. सहा आठवड्यांत पुस्तक हातावेगळं झालं. १९ डिसेंबर १८४३ ला ‘अ ख्रिसमस कॅरल’ बाजारात आलं आणि नाताळच्या आदल्या दिवशीपर्यंत सहा हजार प्रती संपल्या.

[पुस्तकातलं जॉन लीचचं चित्र: मार्लीचं भूत.]

मार्ली म्हणजे गोष्टीतल्या कंजूष स्क्रूजचा मेलेला भागीदार. याच्याही कमरेला साखळी आहे, तिला तिजोऱ्या, किल्ल्या, कुलपं, खतावण्या अडकवल्यात. मघाची साखळी आठवा.

स्क्रूज पेढीवर बसतो. कारकून बॉब क्रॅचिटला आठवड्याचे पंधरा शिलिंग देतो, शेगडीत एखादाच कोळसा. गरिबांसाठी वर्गणी मागणाऱ्यांना विचारतो, तुरुंग बंद पडले का? निराधारांना राबवून घेणारी वर्कहाऊस नाहीत? लोक तिथे जाण्यापेक्षा मरण पत्करतात म्हटल्यावर म्हणतो, मरू देत, फाजील लोकसंख्या तरी घटेल. हा हिशेब त्याच्या एकट्याचा नव्हता. लोकसंख्या अन्नापेक्षा वेगानं वाढते म्हणणाऱ्या माल्थसच्या नावानं तो शहाणीसुरती माणसं मांडत होती. १८३४ च्या गरीब कायद्याखालच्या वर्कहाऊसमध्ये नवरा, बायको, मुलं अशी ताटातूट होई.

[लीचचं दुसरं चित्र. पाच सेकंद निवेदन नाही.]

मार्लीनंतर स्क्रूजकडे तीन भुतं येतात. त्यातल्या दुसऱ्यानं झगा बाजूला केला. खाली मुलगा आणि मुलगी. मुलगा अज्ञान, मुलगी ददात. दोघांपासूनही सावध राहा, त्यातही मुलापासून, असं भूत बजावतं. मागे धुराडी दिसतात. यांना कुठेच आसरा नाही का, असं स्क्रूज विचारतो. भूत त्याचंच वाक्य त्याला परत देतं: तुरुंग नाहीत?

स्क्रूज बदलला तो इथे, असं आम्हाला वाटतं. शेवटचं भूत त्याला त्याचीच कबर दाखवतं, ते त्यानंतर.

पुढे स्क्रूज बॉबच्या घरी टर्की पाठवतो, त्याचा पगार वाढवतो. आणि बाहेरच्या जगात १८४४ च्या कायद्यानं कापड गिरण्यांतल्या तेरा वर्षांखालच्या मुलांचं काम साडेसहा तासांवर आणलं.

[हस्तलिखित. खाडाखोड जवळून, मग शेवटचं पान.]

क्रॅचिटच्या कुबडीवाल्या मुलाचं, टिमचं काय झालं? हस्तलिखितात त्याचं उत्तर नाही. टिम मेला नाही, हे शब्द डिकन्सनं छपाईच्या वेळी घातले.