गच्चीपर्यंतचा जिना

श्रोतेहो, नमस्कार.

अपघातात पाय गमावलेल्या मुलाविषयी बोलताना आपण सारे एकच प्रश्न विचारतो, आणि तो म्हणजे हा चालणार कधी. फिजिओथेरपिस्ट म्हणून माझे म्हणणे असे आहे की, याला खेळायचे काय आहे, हा प्रश्नही पहिल्याच दिवशी विचारायला हवा.

आपल्या नाशिक जिल्ह्यात संक्रांत म्हटली की पतंगांचे येवला डोळ्यांसमोर येते. भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस तिथल्या गच्च्या माणसांनी फुललेल्या असतात, हलकडी हे वाद्य वाजत असते आणि हाताहातांत मांजा गुंडाळलेल्या आसाऱ्या फिरत असतात. तिथल्याच चौथीतल्या एका मुलाचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता, आणि त्यानंतरची पहिली संक्रांत त्याने खाली ओट्यावर बसून काढली. पुढे कृत्रिम पाय बसवल्यावर तो नाशिकला व्यायामासाठी येऊ लागला, पण दोन दांड्यांच्या मधून चालण्याचा त्याला अतिशय कंटाळा येई. ते स्वाभाविकच होते, कारण या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालून पोहोचायचे कुठे, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

गच्चीवर जायचे आहे, असे त्याने एकदा सांगितले आणि व्यायामच बदलले. जिना चढताना धडधाकट पाय आधी टाकायचा आणि उतरताना कृत्रिम पाय आधी, हे त्याने चटकन आत्मसात केले. अवघड होते ते पुढचे. कृत्रिम पायाला जमीन कळत नाही, म्हणून मूल सुरुवातीला सतत खाली बघत चालते. पतंग उडवताना मात्र नजर आभाळात ठेवून ढील द्यायची, खेचायचे आणि तोल सांभाळत मागे सरकायचे असते. आम्ही तेच करून घेतले, हातात दोरा देऊन. रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडवलेला रबरी जयपूर फूट अनवाणी वापरता येतो, ही गोष्ट अशा वेळी किती मोलाची ठरते!

संक्रांतीला त्याचा पहिलाच पतंग शेजारच्या गच्चीवरून कापला गेला. पोरांनी एकच गिल्ला केला, त्याची समजूत काढायला कोणी आले नाही, आणि त्याला नेमके तेच हवे होते. तो रागाने लालबुंद झाला आणि त्याने दुसरा पतंग मागितला.

खेळ ही कोणाच्या दयेने मिळणारी गोष्ट नाही. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या 31व्या कलमात खेळण्याचा हक्क आहे आणि भारताने ती 1992 साली स्वीकारली; दिव्यांगांच्या 2016च्या कायद्यातही क्रीडा आणि मनोरंजन यांसाठी स्वतंत्र कलमे आहेत.

पालकांना मात्र एक गोष्ट आवर्जून सांगतो. मूल वाढते, तसे कृत्रिम पायाचे माप बदलते, आणि उरलेला पाय ज्यात बसतो ती खोबण घट्ट होऊन कातडी लाल पडू लागली तरी खेळ बंद होईल या भीतीने मुले ते लपवतात. म्हणून रोज रात्री पाय काढल्यावर कातडी पाहावी, आणि नवे माप द्यायला जाल तेव्हा मुलाला काय खेळायचे आहे, हे त्यालाच तंत्रज्ञांना सांगू द्यावे.

नमस्कार.