प्रकाशाची गळती

(कराड येथील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, तुमच्यापैकी बऱ्याच जणांची शेती पाटावर आहे. पाटाला पाणी सुटलं म्हणून ते शेवटच्या वावरात पोचलंच असं होत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. वाटेत मुरतं, बांध फुटतो, मधेच कुणी वळवून घेतं. टेलच्या शेतकऱ्याला धरणात किती टीएमसी आहे याचं कौतुक नसतं, आपल्या सरीत किती आलं तेवढंच तो बघतो. मी ज्या विषयात उमेदीची वर्षं घालवली त्यात नेमकं हेच आहे. आमचा पाट काचेचा आणि पाणी म्हणजे प्रकाश.

१९६०च्या दशकात काचेच्या तंतूतून प्रकाश सोडला, तर वीस मीटरवर त्याचा शंभरावा भाग उरायचा. पोटात दुर्बीण घालून बघायला एवढं पुरत होतं, पण एवढ्यावर शहरं जोडणार कशी? त्यामुळे टेलिफोनच्या जगात बहुतेकांनी काचेचा नाद सोडला होता. इंग्लंडात हार्लो इथल्या प्रयोगशाळेत चार्ल्स काओ नावाचा शांघायमध्ये जन्मलेला तरुण अभियंता होता. त्यानं आणि जॉर्ज हॉकहॅमनं वेगळाच प्रश्न विचारला : ही गळती काचेची आहे की काचेतल्या घाणीची? त्यांचं उत्तर होतं, घाणीची. लोखंडासारख्या धातूंचे बारीक अंश प्रकाश पिऊन टाकतात. १९६६ साली त्यांनी लिहून ठेवलं, की एक किलोमीटरनंतर शंभरावा भाग उरला तरी तारेवर मात करता येईल. आमच्या भाषेत, ही गळती किलोमीटरला वीस डेसिबल; आकडा जितका लहान तितकी गळती कमी.

मला यातलं पुढचं फार आवडतं. काओ कागद लिहून थांबले नाहीत. काच बनवणाऱ्यांच्या दारोदार गेले, शुद्ध काच करा म्हणून सांगत राहिले. सिलिकाची काच मुळात किती स्वच्छ असू शकते, हे १९६९ साली त्यांनी स्वतः मोजून दाखवलं. १९७० साली अमेरिकेत कॉर्निंग कंपनीत मॉरर, केक आणि शुल्ट्झ या तिघांनी किलोमीटरला सतरा डेसिबलचा तंतू ओढला. केकनं प्रयोगवहीत आकड्यापुढे आनंदाचा उद्गारही लिहून ठेवला. काओंना नोबेल मिळायला २००९ उजाडलं. तोवर अल्झायमरनं त्यांना गाठलं होतं, स्टॉकहोममधलं त्यांचं व्याख्यान पत्नीनं, ग्वेन काओ यांनी दिलं. आज साध्या फायबरमध्ये तोच शंभरावा भाग शंभर किलोमीटरनंतर उरतो. वीस मीटर, एक किलोमीटर, शंभर किलोमीटर. काच तीच, फक्त घाण काढत गेलो.

आता चिपकडे येऊ. प्रकाशाच्या वाटा, दारं, गाळण्या सगळं एका चकतीवर कोरावं, ही कल्पना बेल प्रयोगशाळेच्या स्टुअर्ट मिलर यांनी १९६९ साली मांडली. सिलिकॉनच्या चिपवरची प्रकाशाची वाट साधारण अर्धा मायक्रॉन रुंद असते. तुमच्या डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीत अशा शंभरावर वाटा शेजारी शेजारी मांडता येतील. पण गळती बघा. फायबरमध्ये प्रकाश निम्मा व्हायला पंधरा किलोमीटर लागतात. नेहमीच्या सिलिकॉन वाटेवर तो दीड सेंटिमीटरमध्ये निम्मा होतो. दहा लाख पटींचा फरक! इथे घाण कारणीभूत नाही. वाट कोरताना कडा एक-दोन नॅनोमीटर खडबडीत राहतात, आणि त्यावर आपटून प्रकाश बाहेर उडतो. जगभरच्या प्रयोगशाळांतली पोरं आज या कडा गुळगुळीत करायच्या मागे आहेत.

त्याहून हाल होतात ते फायबर आणि चिप जोडताना. फायबरमधला प्रकाशाचा ठिपका दहा मायक्रॉनचा, चिपची वाट अर्ध्या मायक्रॉनची. मोठ्या पाइपातलं पाणी सुईच्या नेढ्यात घालण्यासारखं आहे हे. माझी एक विद्यार्थिनी रात्र-रात्र बसून मायक्रोमीटरचा स्क्रू केसभर फिरवायची आणि पॉवर मीटरकडे बघत राहायची. खोलीचा दरवाजा लागला तरी आकडा पडायचा. एकदा तीन आठवडे आकडा वर येईचना. आम्ही चिपला दोष दिला, आराखडा पुन्हा तपासला. शेवटी तिनं कनेक्टरचं टोक सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, तर त्यावर धुळीचा एक कण! अल्कोहोलनं पुसला आणि आकडा वर आला. पहाटे चार वाजता तिनं मला फोन केला. त्या फोनचा मला आजही अभिमान वाटतो.

शेवटचा मुद्दा, आणि त्यासाठीच मी मुद्दाम कराडला बोलायला आलो. काच कितीही शुद्ध केली तरी थोडी गळती उरतेच. वितळलेली काच थंड होताना तिच्यात घनतेची सूक्ष्म चढउतार गोठते, आणि तिच्यावरून प्रकाश विखुरतो. त्यातला अगदी थोडा उलट फिरून मागे येतो. जेसीबीनं केबल तोडली की लाइनमन ओटीडीआर नावाचं तपासणीचं यंत्र लावतो, ते याच परतलेल्या प्रकाशावर चालतं. एक किलोमीटर जाऊन यायला प्रकाशाला साधारण दहा मायक्रोसेकंद लागतात, त्या हिशेबानं तुटलेली जागा सापडते.

संशोधकांनी पुढचं पाऊल टाकलं. जमीन हलली तर तंतू किंचित ताणला जातो आणि परतणारा प्रकाश बदलतो. म्हणजे अख्खी केबलच भूकंपमापक झाली, दर काही मीटरला एक! स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारात २०१६ साली इंग्रजी आठच्या आकारात फायबरचं कडं घालून हे करून बघितलं. तंतू जमिनीला पक्का चिकटवायला हवा, असा तोवरचा समज होता. तिथे तो प्लास्टिकच्या नळीत नुसता सैल पडलेला होता. तरीही त्यानं शेकडो भूकंप टिपले.

११ डिसेंबर १९६७ची पहाट इथल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. कोयनेच्या खोऱ्यात जमीन अजूनही अधूनमधून हलते. पाटणच्या बाजूला रस्त्याकडेनं पुरलेल्या एखाद्या केबलमधला रिकामा, म्हणजे वापरात नसलेला तंतू मला वर्षभरासाठी मिळाला, तर मी माझी यंत्रं घेऊन इथे मुक्कामाला यायला तयार आहे.