घर, धान्य आणि मजुरी : स्वीडनच्या शेतमजुरांची संघटना

स्वीडनच्या दक्षिण टोकाला असलेल्या स्कोने प्रांतात तोरूप नावाचा एक जुना सरदारी वाडा आहे आणि त्या वाड्यापासून जवळच, एकेकाळच्या मजुरांच्या वसाहतीत, आज एक संग्रहालय आहे. तेथे दिसते ती अशा वसाहतींमधील नेहमीची लांबलचक, बैठी चाळ. अशा चाळीत एका कुटुंबाच्या वाट्याला बहुधा एक खोली आणि एक स्वयंपाकघर येई, मग कुटुंबात माणसे चार असोत की दहा. भिंतींच्या फटींत ढेकूण असत आणि हिवाळ्यात घरातला ओलावा हटत नसे. चाळ जमीनदाराची, तिच्यामागचा बटाट्याचा तुकडा जमीनदाराचा, जळणाची लाकडेही त्याच्याच रानातली. स्वीडनच्या शेतमजुरांना संघटना बांधायला इतका उशीर का लागला, याचे बरेचसे उत्तर या मालकीत आहे.

या मजुरांना ‘स्टाटारे’ म्हणत. आपल्याकडच्या सालगड्याप्रमाणे त्यांचा करार वर्षाचा असे. मात्र एक मोठा फरक होता. स्टाटारे हा विवाहित असावा अशी जमीनदाराची अपेक्षा असे, कारण करार नवऱ्याशी झाला तरी काम नवरा-बायको दोघांचे गृहीत धरलेले असे. मजुरीचा थोडा भाग रोख मिळे आणि उरलेला वस्तूंत : राय, गहू किंवा जव, ठरलेले दूध, बटाट्यांसाठी जमिनीचा तुकडा, सरपण आणि राहायला खोली. धान्य मोजून देणारा जमीनदाराचाच कारकून असल्यामुळे माप कमी भरले, धान्य किडके निघाले किंवा दुधावरची साय आधीच काढून घेतलेली असली, तर तक्रार ज्याच्याविरुद्ध करायची त्याच्याकडेच ती न्यावी लागे.

ही पद्धत अनादी काळापासून चालत आलेली नव्हती. अठराव्या शतकात ती आकार घेऊ लागली आणि एकोणिसाव्या शतकात शेतीतल्या सुधारणांबरोबर ती फोफावली. स्कोनेतील स्वानेहोल्म येथे रुटगर माक्लीन या जमीनदाराने 1780 च्या दशकात गावातील विखुरलेल्या पट्ट्या एकत्र करून सलग शेते आखली आणि पुढे 1803 मध्ये स्कोनेसाठी तसा कायदाच झाला. उत्पादन वाढले, धान्य निर्यात होऊ लागले. पण मोठी सलग शेते करण्यासाठी अनेक ठिकाणी जमीनदारांनी आपल्या हद्दीतील छोट्या कुळांना उठवले आणि त्यांच्या जागी वर्षाच्या कराराचे मजूर ठेवले. जमीनदाराच्या स्वयंपाकघरात जेवणाऱ्या अविवाहित नोकरापेक्षा स्वतःची चूल मांडणारे कुटुंब त्याला स्वस्त पडे, शिवाय त्या कुटुंबातून पुढच्या पिढीचे मजूरही मिळत. स्कोने, एस्टरयॉटलांड, सॉडरमानलांड, उपलांड आणि मेलारेन सरोवराभोवतीचा सुपीक पट्टा येथे मोठ्या जमीनदाऱ्या होत्या, म्हणून हे मजूरही मुख्यतः तेथेच होते. उत्तरेच्या जंगलपट्ट्यात ते जवळजवळ नव्हते.

स्त्रियांच्या वाट्याला गोठा येई. मजुराची बायको करारानुसार जमीनदाराच्या गाईंचे दूध काढायला बांधलेली असे. पहाटे चारच्या सुमारास, बाहेर बर्फ पडत असला तरी, मुलांना झोपेत सोडून तिने गोठ्यात जायचे, दुपारी पुन्हा आणि संध्याकाळी पुन्हा. गाईला सुट्टी नसते, त्यामुळे रविवार आणि नाताळही या कामातून सुटत नसे; बाळंतपण झाले तरी दूध काढण्याची जबाबदारी पुढे उभीच असे आणि कोणी बदली बाई मिळाली नाही तर तिलाच लवकर उठावे लागे. लोकांनी या कामाला ‘पांढरा चाबूक’ असे नाव ठेवले होते. स्वीडनच्या शेतमजूर चळवळीच्या कहाण्या पुरुष पुढाऱ्यांच्या तोंडून सांगितल्या जातात, पण माझ्या मते या पद्धतीवरचा सर्वात कठोर आरोप गोठ्यातल्या या बायकांच्या हातांवर लिहिलेला होता.

कायदा मालकाच्या बाजूने होता. 1833 च्या नोकरविषयक कायद्यानुसार नोकराने मालकाची आज्ञा पाळणे बंधनकारक होते आणि मालकाला नोकराला मारण्याचाही अधिकार होता. प्रौढ नोकरांना मारण्याचा अधिकार 1858 मध्ये काढून घेतला गेला, अल्पवयीनांच्या बाबतीत तो 1920 पर्यंत टिकला. ज्याच्याकडे मालक नाही आणि मालमत्ताही नाही, त्याला भटका ठरवून सक्तीने कामाला लावता येईल अशी तरतूद 1885 पर्यंत होती. मुख्य नोकर कायदा तर 1926 मध्ये रद्द झाला, म्हणजे सार्वत्रिक मताधिकाराने झालेल्या 1921 च्या निवडणुकीनंतरही पाच वर्षे तो लागू होता. मताच्या बाबतीतही हेच : 1918 पर्यंत स्थानिक निवडणुकीत मतांची संख्या उत्पन्नावर व मालमत्तेवर ठरे, त्यामुळे ग्रामपरिषदेत जमीनदाराच्या एका शब्दापुढे मजुरांच्या साऱ्या चाळीचे काही चालत नसे.

अशा स्थितीत मजुराच्या हाती निषेधाचा एकच जुना मार्ग होता, तो म्हणजे निघून जाणे. ऑक्टोबरच्या अखेरीस वर्षाचा करार संपला की एक मोकळा आठवडा मिळे आणि त्या आठवड्यात गाड्यांवर पलंग, भांडी, बटाट्यांची पोती आणि वर मुले बसवून कुटुंबे एका जमीनदारीतून दुसरीकडे जात. वाईट मालकाला सोडल्याचे समाधान मिळे, पण पुढची चाळ बहुधा मागच्यासारखीच निघे. ज्यांना याहून दूर जाणे शक्य झाले ते अमेरिकेला गेले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून 1930 पर्यंत दहा लाखांहून अधिक स्वीडिश माणसे देश सोडून गेली आणि त्यांत खेड्यांतील भूमिहीनांचा वाटा मोठा होता. गळती इतकी वाढली की सरकारला 1907 मध्ये तिची कारणे शोधण्यासाठी मोठी चौकशी नेमावी लागली.

संघटनेच्या दृष्टीने मात्र ही दरवर्षीची हलवाहलव घातक होती. वर्गणी गोळा करणारा माणूस ऑक्टोबरात दुसऱ्या तालुक्यात गेला की शाखा बंद पडे. नव्याने आलेल्या मजुरांशी ओळख व्हायला हिवाळा जाई आणि पेरणीच्या धामधुमीत सभा घ्यायला कोणाला सवड नसे. कारखान्यातल्या मजुरांची परिस्थिती वेगळी होती. त्यांचा देशव्यापी महासंघ, एल. ओ., 1898 मध्ये स्थापन झाला आणि सामाजिक लोकशाहीवादी पक्ष तर त्याच्याही आधी, 1889 मध्ये. शहरातल्या चळवळीने खेड्यातल्या मजुराकडे बराच काळ दुरूनच पाहिले.

तरीही विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात स्कोनेच्या सपाट, सुपीक पट्ट्यात शेतमजुरांच्या संघटना उभ्या राहिल्या आणि संपही झाले. जमीनदारांचे उत्तर साधे होते. संप करणारा मजूर काम करत नाही, म्हणजे करार मोडतो. करार मोडतो, म्हणजे खोलीवरचा त्याचा हक्क संपतो. मग त्याचे बिऱ्हाड रस्त्यावर आणले जाई आणि जागेवर संपफोडे आणले जात. त्यांना अडवू पाहणाऱ्यावर फौजदारी कारवाई होऊ शके, कारण 1899 मध्ये संसदेने दुसऱ्याला संपात सामील व्हायला भाग पाडण्याचा प्रयत्नही गुन्हा ठरवणारा कायदा केला होता. तो कायदा ज्याच्या प्रस्तावामुळे आला तो खासदार स्कोनेतल्याच ओकार्प गावचा शेतकरी होता, म्हणून कायद्यालाही ओकार्पचेच नाव चिकटले. तो रद्द व्हायला 1938 साल उजाडावे लागले.

1909 च्या ऑगस्टमध्ये मजुरी कपातीविरुद्ध आणि टाळेबंदीविरुद्ध एल. ओ.ने सार्वत्रिक संप पुकारला. सुमारे तीन लाख मजूर त्यात उतरले, पण सप्टेंबरपर्यंत संप मोडला आणि पुढच्या काही वर्षांत महासंघाने आपले जवळजवळ निम्मे सभासद गमावले. नुकत्याच पाय रोवू लागलेल्या शेतमजूर संघटनेला हा धक्का झेपला नाही आणि जे काही उभे केले होते ते जवळपास जमीनदोस्त झाले.

दुसरी आणि टिकाऊ सुरुवात झाली ती 1918 मध्ये. पहिल्या महायुद्धाची झळ तटस्थ स्वीडनलाही बसली होती, 1917 च्या वसंतात अन्नटंचाईवरून अनेक शहरांत मोर्चे निघाले होते आणि युरोपभर सत्ता डळमळीत झाल्या होत्या. या वातावरणात स्वीडिश शेतमजूर संघ स्थापन झाला. 1921 मध्ये जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने शेतमजुरांनाही कारखान्यातील मजुरांइतकाच संघटनेचा हक्क असावा असा करार केला. स्वीडनने तो 1923 मध्ये मान्य केला आणि त्याच वर्षी तेव्हाच्या ब्रिटिश भारतानेही तो मान्य केला. पण कागदावरचा हक्क आणि चाळीतले वास्तव यांत अंतर राहिले. 1920 नंतर शेतमालाचे भाव कोसळले, मजुरी घसरली आणि सभासद गळाले. शिवाय 1919 मध्ये झालेल्या आठ तासांच्या दिवसाच्या कायद्याने शेतीला वगळले होते. मेलारेन परिसरात सिंडिकॅलिस्ट विचाराची, म्हणजे उद्योगधंदे थेट कामगार संघटनांच्याच हाती यावेत असे मानणारी, वेगळी संघटनाही याच मजुरांत काम करत होती. एका चाळीतल्या मजुरांनी दोन झेंड्यांखाली भांडावे, ही जमीनदारांच्या दृष्टीने मोठी सोय होती.

1930 मध्ये शेतमजूर संघ एल. ओ.मध्ये सामील झाला आणि त्याचे बळ बदलले. संप झाला तर आता मागे कारखाना मजुरांचा निधी आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी इतर मजुरांनी पुकारलेले बहिष्कार उभे राहू शकत होते. 1932 मध्ये पेर अल्बिन हान्सॉन पंतप्रधान झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या सामाजिक लोकशाहीवादी पक्षाने शेतकऱ्यांच्या पक्षाशी समझोता केला : शेतमालाला आधारभावाचे संरक्षण, बदल्यात बेकारांच्या कामांना पाठिंबा. या सौद्याचे कौतुक फार झाले, पण शेतमजुराच्या दृष्टीने तो दुधारी होता. सरकारचा मित्रपक्ष आता ज्यांच्याकडे शेतमजूर राबत होता त्या शेतकऱ्यांचा होता, पण भावाला आधार मिळाल्यावर ‘परवडत नाही’ हे शेतकऱ्याचे जुने उत्तर दुबळे पडत गेले. 1936 मध्ये शेतीतील कामाच्या तासांवर स्वतंत्र कायदा झाला, त्याच वर्षी संघटनेचा आणि वाटाघाटीचा हक्क कायद्याने संरक्षित झाला आणि 1938 मध्ये दोन आठवड्यांची भरपगारी सुट्टी आली.

याच काळात शेतमजुराचे जगणे शहरातल्या वाचकापर्यंत पोहोचू लागले. ईवार लू-युहान्सोन हा 1901 मध्ये स्टाटारे कुटुंबात जन्मलेला लेखक संघटनेच्या ‘लांटआर्बेतारेन’ या पत्रात मजुरांच्या कथा लिहू लागला. ज्या पत्रात कराराचे दर आणि शाखांच्या सभांची वृत्ते छापली जात, त्याच पत्रात चाळीतल्या माणसांचा शंभर वर्षांचा इतिहास कथांमधून येत होता आणि तो वाचणारे मजूर त्यात आपल्या आजी-आजोबांना ओळखत होते. 1938 मध्ये लेखक लुडविग नूर्डस्ट्रॉम यांनी खेड्यांतील घाण, गळकी घरे आणि आजार यांचे वर्णन रेडिओवरून देशाला ऐकवले तेव्हा सुखवस्तू स्वीडन चिडले, पण त्याने ते ऐकले.

निर्णायक बळ मात्र साहित्याने नव्हे, मजुरांच्या टंचाईने दिले. दुसऱ्या महायुद्धात आयात आटली, देशात पिकणाऱ्या धान्याला आणि दुधाला अपार महत्त्व आले, तरुण माणसे सीमेवरच्या बंदोबस्तात गेली आणि जी उरली त्यांना कारखाने रोख पगार देऊन ओढू लागले. चाळीतली खोली आणि सायविरहित दूध यांच्या बदल्यात नवरा-बायको दोघांनी राबावे, असे म्हणणाऱ्या जमीनदाराला आता माणसे मिळेनाशी झाली. तरुण मुली गोठ्याला बांधून घ्यायला तयार नव्हत्या. 1944 मध्ये शेतमजूर संघ आणि शेतमालकांची संघटना यांच्यात झालेल्या सामूहिक करारात ही पद्धत बंद करण्याचे ठरले आणि 31 ऑक्टोबर 1945 रोजी, म्हणजे जुन्या हलवाहलवीच्या हंगामातच, ती संपली. स्टाटारे पद्धत संसदेच्या कायद्याने नव्हे तर मजूर आणि मालक यांच्या करारानेच संपवली, हे स्वीडिश कामगार चळवळीच्या स्वभावाला धरून आहे. तेथे आजही किमान वेतनाचा कायदा नाही, वेतन करारानेच ठरते.

विजयानंतर संघटना मोठी होत गेली असे मात्र नाही. ट्रॅक्टर आणि दूध काढण्याची यंत्रे आली, छोटी शेते मोडून मोठी झाली, मजुरांची मुले शहरात गेली आणि शेतमजूर संघाचा पायाच आक्रसला. 2002 मध्ये तो ‘कम्युनाल’ या मोठ्या संघटनेत विलीन झाला. या संघटनेत बहुसंख्य सभासद रुग्णसेवा, वृद्धसेवा आणि पालिकांच्या कामांतल्या स्त्रिया आहेत.

आज शेतमजुरांचा प्रश्न तेथे वेगळ्या चेहऱ्याने समोर येतो. उन्हाळ्यात उत्तरेच्या जंगलांत निळ्या आणि लाल रानबेरी वेचण्यासाठी थायलंडहून मजूर आणले जातात. अनेक वर्षे हे मजूर थायलंडमधील भरती कंपन्यांचे नोकर म्हणून दाखवले जात आणि विमानभाडे, निवास, जेवण व गाडीचा खर्च त्यांच्या कमाईतून वळता होई, त्यामुळे पीक कमी आले की मजूर कर्जाचा बोजा घेऊन घरी परते. त्यांनाही सामूहिक करारातील हमी वेतन मिळावे, ही कम्युनालची मागणी मान्य होऊन तसा करार झाला. पण मजुराची राहण्याची आणि जेवणाची सोय त्याला कामावर आणणाऱ्याच्याच हाती असते, आणि त्यासाठी वेतनातून किती पैसे कापावेत यावरून वाद होत राहतात.